बांधातून गेलेले पंचवीस मिलिमीटर

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की मुरबाडच्या गावांतून आमच्या ठाण्याच्या कार्यालयात भातखाचरात पाणी ठरत नसल्याच्या तक्रारी येऊ लागतात आणि ‘जमीन मुरमाड’ असा शेरा मारून त्या बहुधा निकाली काढल्या जातात. या वेळी शेरा मारण्याआधी मी पिंपे घेऊन तक्रार करणाऱ्या एका काकांच्या खाचरावर गेलो.

दोन पिंपे चिखलात रोवून दोन्हींत खाचराइतकेच पाणी आणि तशीच रोपे ठेवली. एकाचा तळ शाबूत, दुसऱ्याचा कापलेला. पहिल्यातले पाणी केवळ उन्हाने आणि पानांवाटे उडते, दुसऱ्यातले शिवाय खालीही झिरपते, तर उघड्या खाचरातले या दोन्ही वाटांखेरीज बांधातूनही जाऊ शकते. पद्धत इतकी स्वस्त आहे, की पाहुण्यांना दाखवण्यासाठी तिची कोणालाच आठवण होत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पट्टी वाचली, तेव्हा पहिले पिंप 5 मिलिमीटरने, दुसरे 9 ने आणि खाचर तब्बल 34 ने उतरले होते. म्हणजे जमिनीने मुरवले अवघे 4. काकांची चिखलणी चोख होती; फुटलेल्या मातीचा बारीक गाळ छिद्रांत बसून तळ घट्ट झाला होता, त्यामुळे मुरमाला दोष देण्यात अर्थ नव्हता. उरलेले 25 बांधातून गेले होते. एका गुंठ्यावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 100 लिटर, यावरून हिशेब करावा.

बांधाच्या खालच्या अंगाला गवत बाजूला सारले, तर मुठ्यांची, म्हणजे शेतातल्या खेकड्यांची, बिळे दिसली. एकात माझा हात कोपरापर्यंत गेला आणि आतली माती लोण्यासारखी मऊ लागली. काकांनी बिळे खणून, ओला चिखल ठासून बांध लिंपला आणि पाणी ठरले.

संध्याकाळी खालच्या खाचराच्या आजी आल्या. “सायब, वरचं बुजवलंत, आता माझा भात पोटरीवर आलाय, तो कशावर पोसायचा?” त्यांच्या खाचराला उघडिपीत ओल पुरवत होते ते हेच पाणी. काकांनी कुरकुर न करता बांधाला लहानसे तोंड ठेवून दिले. असा समंजसपणा आमच्या बैठकांत क्वचित दिसतो.

अहवालाच्या नमुन्यात मात्र एकाच सर्व्हे नंबरची जागा आहे आणि तिथे ‘पाण्याचा व्यय’ लिहायचा असतो. वरच्या नंबरचा व्यय हा खालच्याचा पुरवठा आहे, असे मी जोडपत्रात नकाशा काढून कळवले. त्यावर वरिष्ठांचा शेरा आला आहे: ‘नमुन्यात बदल करता येणार नाही.’ रकाना अजून कोराच आहे.