पडेलच्या सड्यावरची दुपार

रत्नागिरीहून सायकलने कुणकेश्वरच्या यात्रेला निघालं की पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपुढे डोकं टेकायचं, आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घ्यायचं, जैतापूरची खाडी ओलांडून विजयदुर्गाकडे वळायचं. मधली गावं आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेलीत. खाडीपर्यंत उतार आणि पुलापलीकडे पुन्हा तेवढीच घाटी.

महाशिवरात्रीचा उपास. पोटात दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू, एवढंच. पडेल कॅन्टीनचा तिठा सोडला आणि सडा लागला. काळा कातळ, सावलीला झुडूपही नाही. तळहाताचा फोड हँडलच्या मुठीवर घासून फुटला आणि घाम त्यात चरचरायला लागला. पुढच्या सायकलवाल्या पोराच्या स्पीकरवर महादेवाची डीजेतली गाणी. "जरा बंद कर रे," म्हटलं, तर त्याने आवाज वाढवला. त्यानंतर बराच वेळ माझ्या तोंडी देवाचं नाव नव्हतं, नुसता संताप होता.

काजूच्या बागा आधी वासावरून कळल्या. झाडाखाली पडून आंबलेल्या बोंडूंचा तो गोडसर उग्र वास. गोव्यात याच बोंडूंची फेणी होते, तिला 2009 साली जीआय मानांकनही मिळालं. आमच्याकडे बी पिरगळून काढली की बहुतेक बोंडू मातीत जातात. एवढं रसाचं फळ, मला ते बघवत नाही.

"झिला, खयसून इलस?"

खळ्यात बिया वाळत घालणारी आजी होती. तिने पडवीत बसवलं, तांब्या पुढे केला आणि माझा हात ओढून उताणा केला. आतून हळद आणि खोबरेल आणलं. तिच्या अंगठ्याची कातडी काजूच्या चिकाने काळी पडून सोलवटली होती, आणि त्याच अंगठ्याने ती माझ्या फोडाला हळूहळू लेप लावत होती. "दुखता रे?" मला उत्तर देता येईना. मग पिवळाधमक बोंडू चिरून दिला. "घशाक लागात, मीठ लावन खा." रस कोपरापर्यंत ओघळला. शर्टावरचा डाग अजून गेलेला नाही.

निघताना तिने आगरातला नारळ दिला. "माका आता गुडघे जावक देनत नाय. ह्यो देवाक वाढव."

वाडातरचा पूल, जामसंडे, तारामुंबरी, संध्याकाळी कुणकेश्वर. रांग हलत नव्हती, मागून ढकलाढकली, एका स्वयंसेवकाशी माझा वादही झाला. स्पीकरवाला पोरगा माझ्या पुढेच होता. गाभाऱ्यासमोर आल्यावर त्याने हात जोडले आणि घळाघळा रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग नारळ वाढवला.

दुसऱ्या दिवशी अमावस्येला देवस्वाऱ्यांचं, म्हणजे गावागावांतून आलेल्या देवांचं, तीर्थस्नान. ढोल वाजत होते, तरंगं, म्हणजे लुगडी नेसवलेले देवांचे खांब, लाटांत शिरत होती, आणि आम्ही सगळे कमरेएवढ्या पाण्यात ओरडत होतो, हर हर महादेव!

परतताना त्या नारळाची कवड आजीच्या हातात दिली. तिने ती कपाळाला लावली आणि लगेच विचारलं, "आमचो देव बगलस? खय उभो व्हतो?" स्वारी कोणत्या गावची ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून तरंगांच्या लुगड्यांचे रंग एकेक करून सांगत गेलो. हिरव्या काठाच्या पिवळ्याशी तिने मला थांबवलं.

"तोच. आता ह्या सांग, पाण्यात किती आत गेलो?"