खिडक्यांची खोली

दुपारी शेडच्या दक्षिणेकडचा पत्रा उतरवला आणि आत एवढा उजेड शिरला की कोपऱ्यातला कोळी जाळं टाकून वाशाकडे पळाला. बिचाऱ्याला कुणी कल्पना दिली नव्हती. ठरलंय असं की शेडचं काचघर करायचं. हीटर नाही, वायर नाही आणि शक्यतो नवं काही आणायचं नाही.

पाडलेल्या घरांच्या खिडक्या माझ्याकडे आहेतच. त्या का जमवल्या ते विचारू नये. अख्खं तावदान टाकून द्यायला माझा हात होत नाही, बस. मापं एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून आधी खिडक्या जमिनीवर मांडायच्या आणि मग त्यांच्या मापाने चौकट ठोकायची. काचेभोवतीची जुनी लांबी, म्हणजे पुट्टी, पटाशी लावली की टवक्यांनी उडते. खाली काचेच्या कडेला एखादी हिरवी रेघ सापडते, कुणा रंगाऱ्याचा ब्रश घसरल्याची. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासायचा नाही, ओला करून खरवडायचा. ती रेघ मात्र मी ठेवतो.

लहानपणी एका शेडमध्ये माझ्या सुट्टीतल्या दुपारी जायच्या. पत्र्याला खिळ्याचं भोक होतं, त्यातून जमिनीवर कवडसा पडायचा. मी त्याच्या पुढे खडूने रेघ मारायचो आणि तो पोचायची वाट बघत बसायचो. मधेच ढग आला की कवडसा विझायचा, आणि पुन्हा उगवायचा तो थेट रेघेच्या पलीकडे. हा रडीचा डाव होता, असं माझं आजही मत आहे.

काचघर का तापतं? काच ऊन आत घेते आणि उष्णता बाहेर सोडत नाही, हे शाळेतलं उत्तर. 1909 साली आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने काळ्या पुठ्ठ्याची दोन खोकी घेतली. एकावर काच बसवली, दुसऱ्यावर उष्णतेचे किरण आरपार जाऊ देणारी सैंधवाची पट्टी. दोन्ही जवळजवळ सारखीच तापली. म्हणजे मुख्य कारभार कोंडलेल्या हवेचा! हे वाचल्यापासून मी काचांच्या ओरखड्यांकडे बघणं सोडलं आणि फटींच्या मागे लागलो. फक्त सगळ्यात वरची खिडकी बिजागरीवर उघडती ठेवली आहे, नाहीतर उन्हाच्या दिवशी रोपं आत शिजतील.

रात्रीसाठी काळं रंगवलेलं पाण्याचं पिंप. दिवसा तापायचं, रात्री निवायचं. पाणी गोठायला लागलं तरी किलोमागे सुमारे 334 किलोज्यूल उष्णता सोडतच गोठतं. पिंप काठोकाठ भरायचं नाही, बर्फ फुगतो. एवढं करूनही कडाक्याच्या रात्री आतबाहेर थोड्याच अंशांचा फरक राहतो, हे मला माहीत आहे.

आत काय लावणार, असं घरातले विचारतात. मी त्यांना खिडक्यांची मापं सांगतो.