रिकाम्या खोलीत चालणारा माणूस

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘सर, हल्ली सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं, मग हे ऑपॅम्प कशाला शिकायचे?’ दर बॅचला कुणीतरी हे विचारतंच. (ऑपॅम्प म्हणजे सिग्नल वाढवणारी छोटी चिप.)

एचबी१०० नावाचं काडेपेटीएवढं रडार मॉड्यूल मिळतं. ते १०.५२५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडलेला फरक बाहेर देतं. वेगाच्या दर ताशी १ किलोमीटरला साधारण १९.५ हर्ट्झ. म्हणजे चालणारा माणूस शंभराच्या आसपास, चक्क कानाला ऐकू येणारा.

पण हा सिग्नल मायक्रोव्होल्टमधला. सिग्नलचे आकडे करून कोडला देणारा तो एडीसी; ५ व्होल्टवरच्या १०-बिट एडीसीची एक पायरीच ४.९ मिलिव्होल्टची, तिच्या हा खिजगणतीतही नाही. म्हणून मी तो दोन टप्प्यांत चारेक हजार पट वाढवला. आणि खोलीत कुणी नसताना ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर १०० हर्ट्झची लाट. एका लयीत, न थकता.

१०० म्हटल्यावर संशय सप्लायवर. वीज ५० हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरनंतर उरणारा चढउतार, म्हणजे रिपल, १०० चा. कपॅसिटर बदलले, रेग्युलेटर बदलला, ग्राउंड नव्याने ओढलं. बॅटरीवर चालवलं, तरी गडी चालतोच आहे. दोन संध्याकाळी अशा गेल्या. मग गुरुवारी लाइट गेली (आमच्याकडे भोसरीत ती गुरुवारी जातेच), आणि सिग्नल ऐकायला लावलेल्या इअरफोनमधली घरघर एकदम थांबली.

वर पाहिलं. चोकवाली ट्यूबलाइट! नळीतला वायू सेकंदाला शंभरदा पेटतो-मंदावतो, आणि पेटलेला असताना मायक्रोवेव्ह परतवतो. रडारच्या लेखी ती ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस.

मित्र म्हणाला, कोडमध्ये १०० कापून टाक. पण ट्यूबचा १ मिलिव्होल्ट चार हजार पटीने ४ व्होल्ट होतो, आणि ५ व्होल्टवरचा एलएम३५८ ऑपॅम्प जेमतेम साडेतीनपर्यंत पोचतो. लाटेचे शेंडेच सपाट झालेले. तेवढ्यात खराखुरा माणूस चालून गेला, तर त्या सपाट शेंड्यांपुरतं त्याचं काहीच एडीसीपर्यंत पोचत नाही. मग कोड ते आणणार कुठून? म्हणून पहिला टप्पा कमी गेनचा (कमी पट वाढवणारा), मग ट्विन-टी नॉच, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेभोवतीचं तेवढं कापणारं रेझिस्टर-कपॅसिटरचं फिल्टर, मग उरलेला गेन.

नॉचमध्ये खरा माणूसही थोडा कापला जातो, हे मान्य. पण चालताना आपले हातपाय धडाच्या वेगाने थोडेच हलतात? नॉचच्या अल्याडपल्याड पुरेसं उरतं.

ट्विन-टीला रेझिस्टर मात्र १ टक्का अचूकतेचे घ्या आणि कपॅसिटर मोजून जुळवा. मी पहिल्या खेपेला हाताला लागले ते लावले. नॉच ९३ हर्ट्झवर जाऊन बसला, आणि आमचा माणूस पुन्हा चालायला लागला.