नकार बोर्डाने दिला होता

लातुरात पाण्याच्या टाकीची पातळी हा विषय कुणाला किरकोळ वाटत नाही. २०१६ साली या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे दोन लेकरं होस्टेलच्या टाकीसाठी ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कॉम्प्युटर) आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) घेऊन कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये आली, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"सर, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालायलंय, कॉलेजच्या वायफायवर घेईनाच."

हॉटस्पॉटला एक पासवर्ड पुरतो. कॅम्पसवर डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज ही वायफाय सुरक्षेची पद्धत आहे. तिथे प्रत्येकाचा वेगळा आयडी असतो आणि तो रेडियस सर्व्हर तपासतो. कोडमध्ये पीईएपी ही लॉगिनची पद्धत, आयडी, पासवर्ड टाकले आणि बोर्ड जोडला गेला. पोरं खूश झाली, पण मी त्यांना थांबवलं. कोडमध्ये सर्टिफिकेट नव्हतं, म्हणजे समोरचा सर्व्हर आपलाच आहे का, हे बोर्ड विचारतच नव्हता. गेटबाहेर कुणी त्याच नावाचं वायफाय उभं केलं, तर बोर्ड त्यालाही उत्तर देणार. पासवर्ड तपासण्यासाठी होणारी ती देवाणघेवाण (एमएसचॅप-व्ही२) हाती लागली की पासवर्ड फोडता येतो. आणि तो पासवर्ड त्या दोघांतल्या मुलीचा स्वतःचा होता, तिचा ईमेल आणि निकाल त्यावरच उघडतात.

सर्टिफिकेट घातलं, तारखेची तपासणीही चालू केली. जोडणी तुटली. लॉग उघडला तर नकार आमच्या सर्व्हरने नाही, बोर्डाने दिला होता! या बोर्डाला बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज येऊन चालू झाला की त्याच्या लेखी १ जानेवारी १९७०. आमचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही, असं त्याला दिसत होतं. वेळ इंटरनेटवरून घ्यावी तर आधी जोडणी हवी, आणि जोडणीला आधी वेळ हवी. तारखेची तपासणी बंद करता आली असती. माझं मन होईना.

"सर, लॅबमध्ये डीएस३२३१ आहेत की," मुलगी म्हणाली. बटण सेलवर चालणारं छोटं घड्याळ. ते जोडून वेळ लावली आणि बोर्ड पूर्ण तपासणीसह आत आला. तिची हुशारी मला मनापासून आवडली.

मग तिचा आयडी कोडमधून काढला. टाकीसाठी वेगळं खातं उघडलं, वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, जिथून फक्त एकाच सर्व्हरपर्यंत पोचता येतं. बोर्डात सर्व्हरचं नाही, तर ज्याच्या आधारे सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतात ते रूट सर्टिफिकेट ठेवलं. त्याची मुदत लांब असते. तरी ते बदलायची वेळ येईल तेव्हा ही पोरं पास होऊन गेलेली असतील, म्हणून संपायची तारीख रजिस्टरमध्ये लिहून ठेवली आहे.