गोड्या पाण्याची आंघोळ: आरएक्स १००, दुसरा पावसाळा

१० मे

बाबांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल मागच्या वर्षी पुन्हा रस्त्यावर आणली, तेव्हा इंजिन आणि कार्ब्युरेटरच्या नोंदी सविस्तर लिहिल्या होत्या. या वर्षीची नोंद फक्त गंजाची आहे. एका पावसाळ्यात या गाडीला जेवढा गंज चढला, तेवढा आधीच्या तीस वर्षांत चढला नव्हता.

ही तीस वर्षं गाडी ठाण्यात होती, नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली. आता ती नेरुळला असते, पाम बीच रोडपासून चालत सात मिनिटांवर, सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये. खाडीकडची बाजू उघडी आहे. संध्याकाळी तिथे उभं राहिलं की वाऱ्याला तिवरांचा वास येतो.

नोव्हेंबरात मागचं चाक काढलं आणि मडगार्डच्या आतल्या दुमडीत बोट फिरवलं. चहाच्या चोथ्यासारखा ओला गंज बोटावर आला. वरून बघावं तर क्रोम लखलखीत. स्पोकच्या प्रत्येक निपलपाशी (स्पोक रिमला आवळणाऱ्या नटापाशी) तपकिरी कडं, मेन स्टँडच्या पिनेवर पापुद्रे, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) खालच्या अंगाला रंगाचे फुगे. फुगा नखाने दाबला की आत पिवळट पाणी.

मी हयगय केली असती तर एवढं मनाला लागलं नसतं. दर रविवारी गाडी धुतली होती, पुसली होती, वर कव्हर घातलं होतं.

१८ मे

इंग्लंडमध्ये लीड्सला राहणाऱ्या मावसभावाशी बोलले. दादा तिकडे हिवाळाभर बाइक चालवतो. तिथे थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खाणीतलं मीठ पसरतात. मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय गोठत नाही, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण तेच पाणी चाकांवरून उडून गाडीच्या पोटात बसतं. एका हिवाळ्यात बोल्ट ओळखू येत नाहीत असे होतात, म्हणाला.

"अगं, आमचं मीठ दिसतं तरी. गाडी वाळली की पांढरं पांढरं दिसतं. तुमचं दिसतच नाही."

हे वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. गंजाला लोखंड, पाणी आणि हवा पुरे असते. मीठ त्यात दोन गोष्टी करतं. पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं, त्यामुळे गंजाची क्रिया वेग घेते. आणि त्यातला क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडत राहतो. पण आपल्याकडे खरा घात तिसऱ्या कारणाने होतो: मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ विरघळून ओलं होतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे एकदा खारा थर बसला की पाऊस असो नसो, लोखंड ओलंच राहतं.

लीड्समध्ये हे सगळं दोन-पाच अंश तापमानात, चार-पाच महिने चालतं. आपल्याकडे २८ अंशात, जवळजवळ वर्षभर. उष्णतेत कुठलीही रासायनिक क्रिया जोरात होते. त्यांचा उपाय जसाच्या तसा उचलून चालणार नाही, पण त्यांची शिस्त उचलण्यासारखी आहे: ऑक्टोबरात सगळ्या उघड्या धातूवर गंजरोधक फवारा, आणि प्रत्येक फेरीनंतर लगेच स्वच्छ पाणी. रविवारची वाट बघायची नाही.

२५ मे

आज जे कळलं ते ठळक अक्षरात लिहावं असं आहे.

करावे गावातल्या एका होडीवाल्या काकांशी बोलत होते. ते होडीचं मशीन दरवेळी खाडीतून आलं की गोड्या पाण्याने धुतात. मी म्हटलं, मीही दर आठवड्याला धुते. काकांनी विचारलं, "कुठल्या पाण्याने?"

पार्किंगमधल्या नळाला बोअरचं पाणी येतं. घरी येऊन टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने) मोजलं. बोअर: १८४०. स्वयंपाकघरातलं महापालिकेचं, म्हणजे मोरबे धरणाचं पाणी: ७४. आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पंधरा लिटरच्या बादलीत २७ ग्रॅमच्या वर क्षार, म्हणजे चार-पाच चमचे. सगळं मीठ नसेलही, पण जिभेला पाणी स्पष्ट खारट लागतं, तेव्हा क्लोराइड आहेच. तेच मी दर रविवारी दुमडीदुमडीत ओतत होते आणि वर कव्हर घालून वाफ कोंडत होते.

खाडीकाठच्या बोअरला खारं पाणी लागतं ही काही नवी गोष्ट नाही. गाडी धुताना मात्र कुणी ते मोजत नाही. नेरुळ, सीवूड्स, सानपाडा, वाशी, कोपरखैरणे, ठाण्यात कोपरी, कळवा, कुठेही राहत असाल तर आधी पार्किंगच्या नळाचं पाणी मोजा. मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो.

२ जून

पाऊस यायच्या आत दोन कामं.

एक: पट्ट्यांचा प्रयोग. तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून साधा लोखंडी पत्रा आणला, तीन इंचांच्या सहा पट्ट्या कापल्या, वॉटर पेपरने घासून चकचकीत केल्या. एक कोरी ठेवली. बाकीच्यांना अनुक्रमे पाणी हटवणारा साधा स्प्रे, ९० नंबरचं गिअर ऑइल, गाडीचं मेण, चेन ल्यूब आणि लॅनोलिन. स्टिल्टच्या पश्चिम भिंतीला, पाऊस लागणार नाही पण वारा लागेल अशा टांगल्या. वॉचमन काकांना सांगून ठेवलंय, काढू नका म्हणून.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. केमिकलच्या दुकानात सुटं मिळतं. १०० ग्रॅम लॅनोलिन ४०० मिली मिनरल टर्पेंटाइनमध्ये विरघळवलं. बरणी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायची आणि ढवळत राहायचं. गॅसजवळ अजिबात न्यायचं नाही, टर्पेंटाइन पेट घेतं. लावल्यावर टर्पेंटाइन उडून जातं आणि बोटाला किंचित चिकट लागणारा पातळ थर मागे राहतो.

दोन: मडगार्ड. उस्ताद (तुर्भ्याचे आमचे मेकॅनिक) म्हणाले, नवीन टाक. मला बाबांच्या गाडीचंच हवं होतं. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढला. दुमडीत ब्रश जात नाही, तिथे जुन्या स्पोकचं टोक चपटं करून खरवडलं. मग टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर. पाच-दहा मिनिटांत तपकिरी गंज निळसर काळा होत जातो, ते बघायला मला फार आवडतं. हिरडा आणि हिराकस मिसळून पूर्वी काळी शाई करायचे, तीच ही क्रिया: टॅनिन आणि लोखंड. पण सैल गंजावर कन्व्हर्टर लावून उपयोग नाही, तो थर पापुद्र्यासकट निघून येतो. एक दिवस वाळवून रेड ऑक्साइड प्रायमर, त्यावर काळ्या एनॅमलचे दोन हात, आणि दुमडीत लॅनोलिन.

बाहेरच्या क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके होते. क्रोमचा थर अगदी पातळ असतो, त्याखाली निकेल, त्याखाली लोखंड. बारीक छिद्रातून खालचा गंज वर येतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासली. राखाडी चिखल सुटतो, ठिपके जातात. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा येत नाही. तारेची घासणी मात्र वापरू नका. ठिपके गेले तरी छिद्रं राहतात, म्हणून लगेच मेण चोळायचं, नाहीतर पंधरा दिवसांत ठिपके परत हजर.

२१ जून

पाऊस लागला. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ दिले, मग गच्चीवरून येणाऱ्या पाइपाखाली पिंप लावलं. मीटर: १८. मोरबेच्या पाण्यापेक्षाही गोडं, आणि फुकट. प्यायचं पाणी गाडीवर घालायला मन धजत नव्हतं, तो प्रश्न सुटला. पाच लिटरच्या हातपंपाच्या फवाऱ्यात भरून खालून वर मारते: मडगार्डच्या आत, स्विंगआर्मखाली, स्टँडच्या पिनेवर. दोन फवारे पुरतात. मग हवा जाईल अशी गाडी उभी ठेवते. कव्हर घालणं बंद.

२७ जुलै

एक निरीक्षण, ज्यावर मी आधी विश्वास ठेवला नसता. आमच्या रांगेत शेवटची बाइक रोज पावसात भिजते, कारण तिथे छत संपतं. तिच्या टाकीला, हँडलला, फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांना) माझ्या गाडीपेक्षा कमी गंज. कारण उघड आहे: पाऊस तिचं मीठ धुऊन नेतो. आडोशाच्या गाडीवर खारा वारा येऊन बसतो आणि धुवायला कोणी येत नाही. खाली वाकून बघितलं तर त्या बाइकचीही पोटाकडची बाजू, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे गंज माझ्याइतकाच. तेव्हा फवारा मारताना वरच्या चकचकीत भागांवर वेळ घालवू नका, जिथे पावसाचा थेंब जात नाही तिथे मारा.

ज्यांच्या गाडीला फोर्कच्या नळ्या उघड्या आहेत त्यांनी त्या आठवड्यातून एकदा नखाने तपासाव्यात. तिथे खड्डा पडला की नळी वरखाली होताना ऑइल सील कापलं जातं आणि तेल थेट ब्रेकपर्यंत पोचू शकतं.

३१ ऑगस्ट

पट्ट्या उतरवल्या. तीन महिने.

कोरी पट्टी पूर्ण तपकिरी, हाताला खरखरीत. साध्या स्प्रेची तिच्याहून जरा बरी. त्यावर दहा-बारा दिवसांतच ठिपके आले होते. त्याचं काम पाणी हटवणं, टिकून राहणं नव्हे. गिअर ऑइलची वरची अर्धी गंजली, खालची चांगली, कारण तेल ओघळून खाली जमा झालं. शिवाय धूळ इतकी की पट्टी मखमली दिसत होती. मेणाची पट्टी सपाट भागात स्वच्छ, कडा गंजलेल्या. कडेला मेण चोळलं जात नाही. चेन ल्यूबची मला वाटलं होतं त्याहून चांगली.

लॅनोलिनची पट्टी पुसली आणि खालून वॉटर पेपरच्या रेघा दिसल्या, जूनमध्ये मी मारल्या होत्या त्याच. फक्त दोरीच्या भोकाच्या आतल्या कडेला, जिथे ब्रश पोचला नव्हता, तिथे एक तपकिरी टिंब.

या टिंबामुळे स्विंगआर्मचं ठरलं. नळी आतून पोकळ, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. जाड सिरिंजला सलाइनची नळी जोडून चेन ॲडजस्टरच्या बाजूने आत लॅनोलिनचं मिश्रण सोडलं, गाडी उजवीकडे-डावीकडे कलवली, खालच्या निचऱ्याच्या भोकातून थेंब पडेपर्यंत थांबले. पहिले थेंब गंजाच्या रंगाचे, नंतरचे स्वच्छ. ते भोक ग्रीस आणि चिखलाने बुजलं होतं. असं भोक तुमच्याही गाडीला असेल, तर आधी ते मोकळं करा.

ब्रेकचे ड्रम, टायर, सायलेन्सर यांना लॅनोलिनचा हातही लागू द्यायचा नाही. हातमोजे बदलूनच पुढच्या कामाला लागायचं.

१२ ऑक्टोबर

पाऊस गेला. मागचं चाक पुन्हा काढलं. बाबा ठाण्याहून आले होते. त्यांनी मडगार्डच्या दुमडीत बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून बघितलं. चिकट, थोडी धूळ, बाकी काही नाही. "रंग कुठला मारलास गं?" एवढंच विचारलं, आणि मग स्टँडकडे वळले.

स्टँडच्या पिनेपुढे मात्र मी हरले. पापुद्र्यांखाली खड्डे खोल गेले होते, पिन झिजून भोकात खेळत होती. नवीन पिन वळवून घेऊन रबाळ्याला झिंक प्लेटिंगला दिली आहे. झिंक आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पुढच्या चाकाचे चार स्पोकही बदलावे लागतील, निपल फिरत नाहीत. डिझेलमध्ये भिजवून ठेवलेत, आठवडाभर वाट बघते.

पत्र्याच्या नव्या चार पट्ट्या कापल्या. दोन लॅनोलिनच्या, दोन कोऱ्या. त्यातली एकेक दादाला लीड्सला पाठवली. नोव्हेंबर ते मार्च तो त्या मागच्या मडगार्डखाली बांधून चालवणार आहे. माझ्या दोन माझ्या गाडीखाली, त्याच जागी. एप्रिलमध्ये चारही शेजारी ठेवून फोटो टाकते.