कॅनडाचा व्हिसा नसताना आईला घेऊन अलास्काला, बोटीने

आई उन्हाळ्यात सिएटलला आली तेव्हा तिच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, कॅनडाचा नव्हता. आणि मला तिला अलास्काच्या हिमनद्या दाखवायच्याच होत्या. सिएटलहून सुटणारी मोठी क्रूझ जहाजं पाहिली, तर बहुतेकांच्या कार्यक्रमात कॅनडातलं एखादं बंदर होतंच. त्यामागे 1886 चा अमेरिकी कायदा आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाला वाटेत परदेशी बंदर न घेता अमेरिकेतून अमेरिकेत प्रवासी फिरवून आणता येत नाहीत, आणि ही क्रूझ जहाजं बहुतेक परदेशात नोंदलेली, म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला वगैरे थांबतात.

मग अलास्का राज्याची स्वतःची फेरी सापडली: अलास्का मरीन हायवे. 1963 पासून ती चालू आहे. ज्या किनाऱ्यावरच्या गावांना बाहेरून रस्ताच नाही, त्यांची ही एसटी. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून निघणारी फेरी कॅनडाच्या समुद्रातून जाते, पण तिथे कुठेही थांबत नाही, साधारण दीड दिवसाने थेट अलास्कातल्या केचिकन गावाला लागते. हे कळल्यावर मी त्याच रात्री तिकिटं काढली.

केबिनचे पैसे वेगळे पडतात. तरुण मंडळी वरच्या डेकवरच्या सोलॅरियममध्ये, म्हणजे छप्पर असलेल्या अर्धवट उघड्या जागेत, हीटरखाली पथारी पसरतात, काहीजण तर तंबू चिकटपट्टीने डेकला चिकटवून टाकतात. आईचे गुडघे बघता आम्ही केबिन घेतली, आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर ती घ्यावीच. गाडी नेत असाल तर लागणारं सगळं आधीच वर आणा, बोट चालू असताना गाड्यांचा मजला बंद असतो. कँटीनमध्ये शाकाहारी फारसं काही नाही. आईने घरूनच रवा भाजून, फोडणी घालून डबा भरून आणला होता. कपात तो रवा, वर कढत पाणी, पाच मिनिटं झाकण. शेजारच्या टेबलावरच्या केचिकनच्या आजींनी कढीपत्त्याचा वास घेऊन "हे काय?" विचारलं आणि एक कप उपमा तिकडे गेला.

व्हँकुव्हर बेटाचा आडोसा संपला की क्वीन शार्लट साउंडमध्ये काही तास बोट हलते. उलटीची गोळी त्याआधी घ्यावी, नंतर उपयोग नाही. पुढे बेटांच्या आडून पाणी पुन्हा शांत.

मला सगळ्यात आवडली ती रँगल नॅरोज. दोन बेटांमधली सुमारे 35 किलोमीटरची चिंचोळी वाट, वाट दाखवणारे साठाहून जास्त दिवे आणि बोये (तरंगत्या खुणा), आणि भरती-ओहोटीची वेळ साधूनच आत शिरायचं. बोट लाल आणि हिरव्या खुणांमधून वळणं घेत होती, इतकी काठाजवळून की घरांच्या खिडक्यांतले पडदे दिसत होते. आई रेलिंग सोडायला तयार नव्हती. "अगं, एवढी मोठी बोट इथून वळते कशी?" एवढंच पुन्हा पुन्हा.

अलास्काची राजधानी जूनो, तिथे उतरलो. तिथून छोट्या फेरीने गस्टाव्हस गाव, ती फेरी रोज नसते, म्हणून आधी तिचं वेळापत्रक बघा आणि मग बाकीचं ठरवा. पुढे बसने बार्टलेट कोव्ह, म्हणजे ग्लेशियर बे नॅशनल पार्कचं दार. इथे एक गोष्ट नीट सांगते. या भागात भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्याही वर जाऊ शकतो. धक्का तरंगता असल्यामुळे ओहोटीला त्यावर उतरणारा रॅम्प चांगलाच उभा होतो. गुडघेदुखी असेल तर लॉजमध्ये भरतीची वेळ विचारून घ्या. आम्ही रॅम्पवर घाई केली नाही, आईने कठडा धरून एकेक पाऊल टाकलं.

बार्टलेट कोव्हहून हिमनद्या दाखवायला नेणाऱ्या दिवसभराच्या बोटीवर पार्कची रेंजर असते. तिने नकाशावर बोट ठेवून दाखवलं: 1794 मध्ये इथे खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. 1916 पर्यंत ती साधारण शंभर किलोमीटर मागे गेली. त्याच्याही आधी, पुढे सरकणाऱ्या याच बर्फाने इथल्या मूळ रहिवासी ट्लिंगिट लोकांची वस्ती उठवली होती. त्यांचं सामुदायिक घर 2016 मध्ये बार्टलेट कोव्हला पुन्हा उभं राहिलं. बोटीच्या आधी ते जरूर बघा, खाडीकडे पाहायची नजरच बदलते.

साउथ मार्बल बेटावरच्या सी लायनांचा वास त्यांच्या आधी पोचतो. टोकाला मार्जरी हिमनदी, निळसर, आणि तिच्या शेजारची ग्रँड पॅसिफिक दगडमातीने इतकी काळी की आईला तो डोंगरच वाटला. इंजिन बंद झालं. पाण्यातल्या बर्फातून अडकलेली हवा सुटताना तडतड ऐकू येत होती. मग एक मोठा तुकडा सुटला. आधी तो पडलेला दिसला, आवाज नंतर आला, आणि आईने माझा दंड घट्ट धरला.

परतीला जूनोहून सिएटलचं विमान घेतलं. फेरीचं एका बाजूचं तिकीट मिळतं, त्यामुळे असं जमतं. उन्हाळ्यातल्या केबिन लवकर भरतात, वेळापत्रक जाहीर झालं की लगेच बुक करून घ्या.