ट्रॅक १, ट्रॅक १, ट्रॅक १

आमचा मंडप आणि साउंडचा धंदा, अमळनेरला. हळदीच्या रात्री पोरं ऐन रंगात आलेली असताना लॅपटॉपवर गाण्याचं नाव टाकलं की तेच गाणं सात वेळा समोर यायचं. पहिलं लावावं तर अर्ध्यात बंद पडायचं, दुसऱ्यात मधूनच कुठल्या तरी स्टुडिओची जाहिरात बोंबलायची. तिसरं लागेपर्यंत नवरदेवाचे मित्र स्टेजवर चढलेले.

दोष माझाच. प्रत्येक लग्नात कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतं, "भाऊ, यातलं एवढं एक लावा" म्हणतं, आणि मी घाईत अख्खा फोल्डरच उतरवून घेतो. अकरा वर्षांत असे ४१ हजार गाण्यांचे २१२ जीबी साठले.

साफसफाईची सुरुवात मी ३२ जीबीच्या एका पेन ड्राइव्हपासून केली, तीही गाडीत बसून, रिकाम्या वेळात. ज्या नावापुढे कंसात १ दिसेल ते डबल, असं धरून सगळं डिलीट मारलं. त्यात 'कानबाई (१)' होतं.

ते फुईचं, म्हणजे आत्याचं, रेकॉर्डिंग. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिच्याकडे कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते, रोट होतात आणि रात्रभर बाया गाणी म्हणतात. तिच्या नातवानं दोन वेगवेगळ्या वर्षी फोनवर ती गाणी धरली आणि दोन्ही फायलींना नाव दिलं 'कानबाई'. एकाच नावाच्या दोन फायली एका फोल्डरात टाकताना 'दोन्ही ठेवा' म्हटलं की विंडोज दुसरीपुढे कंसात आकडा लावतं. आत काय आहे, हे ते बघत नाही. मीही बघितलं नाही. पेन ड्राइव्हवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही, थेट उडतं. आणि नातवाचा तो फोन तोवर विहिरीत गेलेला.

एक शहाणपण मात्र सुचलं. त्या पेन ड्राइव्हवर नंतर काहीच लिहिलं नाही. पुसलेल्या फायलीची जागा फक्त 'मोकळी' म्हणून मोजली जाते. वर नवं काही बसेपर्यंत जुनं तिथंच पडून असतं. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावलं आणि सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढलं. निघाल्या २,३०० फायली, एकीलाही धड नाव नाही, नुसते आकडे! चार-पाच वर्षांपूर्वी पुसलेलं सुद्धा वर आलं. डबल काढायला गेलो आणि तिबल घेऊन आलो.

मग आषाढी एकादशीनंतर, लग्नं थांबल्यावर, नीट बसलो. आधी सगळ्याची एक पूर्ण प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर केली आणि ती डिस्क कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पहिली चाळणी सोपी. चकावका नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक फायलीच्या मजकुरावरून एक खूण काढतो. खूण तीच तर फाइल बाइट न् बाइट तीच. नावाचा संबंध नाही. यात डोळे मिटून ९,३०० फायली काढल्या. पण तेच गाणं असून कुणी नुसतं टॅगमध्ये, म्हणजे फायलीच्या आत लिहिलेल्या गाण्याच्या माहितीत, आपल्या मोबाइलच्या दुकानाचं नाव घातलं असेल, तरी ही खूण बदलते. अशी दुकानं आमच्याकडे पायलीला पन्नास.

दुसऱ्या चाळणीला टॅग जुळवले, म्हणजे गाण्याचं नाव आणि गायक. डुपगुरू हा प्रोग्रॅम त्यासाठी. त्यानं एक गट दाखवला: ६४ फायली, सगळ्यांचं नाव 'ट्रॅक १', गायक 'अनोळखी'. जुन्या अहिराणी कॅसेटच्या आम्ही सीडी करून घेतल्या होत्या आणि सीडीवरून लॅपटॉपवर. सीडीवर नावं नव्हतीच, मग कॉम्प्युटरनं प्रत्येक सीडीच्या पहिल्या गाण्याला तेच नाव दिलं. वेगवेगळी ६४ गाणी, आणि प्रोग्रॅम म्हणतोय एक ठेवा, ६३ काढा! त्या रात्री टॅगवरचा विश्वास उडाला.

तिसरी चाळणी आवाजाची. चकावकामध्येच ती सोय आहे: गाणं प्रत्यक्ष वाचून त्याचा ठसा काढायचा. १२८ केबीपीएसचं (कमी दर्जाचं) आणि ३२० चं (चांगल्या दर्जाचं) तेच गाणं यात बरोबर एकत्र येतं. वेळ खूप खातं, लॅपटॉप रात्रभर पंख्याखाली ठेवला. वेग बदललेलं मात्र याला ओळखू येत नाही. आमच्या एका जुन्या डेकचा पट्टा सैल होता. त्यावर वाजवून घेतलेली कॅसेट आणि चांगल्या डेकवरची तीच कॅसेट यानं वेगळीच धरली. तेवढी कानानं काढली.

दोनांतलं कुठलं ठेवायचं? आधी मी मोठी फाइल ठेवत होतो. मग काही ३२० वाली गाणी स्पेक या आवाजाचं चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. चित्र १६ किलोहर्ट्झला सुरीनं कापल्यासारखं सपाट, वरचा बारीक आवाज गायब. कुणीतरी १२८ चंच गाणं फुगवलेलं. पाणी घालून वाढवलेली शेवभाजी ती. अशी कितीतरी काढली.

राहिल्या त्या बिननावाच्या २,३००. डुपगुरूमध्ये आपली साफ लायब्ररी 'संदर्भ' म्हणून लावता येते, मग तिला तो हात लावत नाही. तसं करून आधीपासून असलेली गाणी गाळली. उरलेल्या ४०० च्या आसपास फायली कालावधीनुसार लावल्या. सिनेमाचं गाणं चार-पाच मिनिटांचं, फुईची रात्र लांब. सगळ्यात वर ३८ मिनिटांची एक फाइल. लावली, आणि टाळ्यांच्या मागून तिचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो, दोन्ही वर्षांची रेकॉर्डिंगं ऐकवली. गाणी तीच, क्रम तोच, बायाही बहुतेक त्याच. मला विचाराल तर फरक सांगता आला नसता. फुई पदर तोंडाला लावून ऐकत होती. दुसऱ्यात मध्येच कुणीतरी खोकलं, तशी म्हणाली, "थांब रे भाऊ. हाऊ खोकला मना शे."

आता लायब्ररीत १७ हजार गाणी आहेत. त्यांत एका फायलीचं नाव 'कानबाई', दुसरीचं 'कानबाई खोकल्याची'.